परीक्षेच्या दिवशी गावात नसलेली पोरं

चौथीत शिष्यवृत्तीला बसणारी आम्ही पोरं शाळा भरायच्या आधीच वर्गात हजर असायचो. सिरसाळ्यात तेव्हा ही परीक्षा म्हणजे घरादाराचा विषय. गुरुजी फळ्यावर गणित मांडायचे आणि त्यांनी खडू खाली ठेवायच्या आत माझ्या शेजारच्या पोराचं उत्तर आलेलं असायचं. तो वर्गात सगळ्यांत हुशार आहे हे आम्हाला ठाऊक होतं, गुरुजींनाही ठाऊक होतं. पण घरात ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल आलेली होती. दसरा झाला, आईबाप कोयत्यावर निघाले आणि खोपीवर धाकटीला सांभाळायला तोही गेला. परीक्षा झाली, मला शिष्यवृत्ती मिळाली, शाळेच्या फलकावर माझं नाव लागलं. तो पाडव्याला परतला.

पुढे मी शिक्षक झालो आणि तीच परीक्षा घेऊ लागलो. २०१६-१७ पासून काही वर्षं ती चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होती, पुस्तकं बदलली, उत्तरपत्रिका बदलल्या. वेळ मात्र तीच राहिली. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची आठवीची एनएमएमएस परीक्षा डिसेंबरात, नवोदयची निवड चाचणी डिसेंबर-जानेवारीत, शिष्यवृत्ती फेब्रुवारीत. बहुतेक वर्षी हाच क्रम. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. म्हणजे हुशार लेकरं शोधायच्या तिन्ही परीक्षा आपण नेमक्या त्या महिन्यांत घेतो, जेव्हा परळी-धारूर-वडवणीच्या वाड्यातांड्यांवर म्हातारीकोतारी तेवढी उरलेली असतात. एनएमएमएसचे वर्षाला १२ हजार रुपये तर गरिबाघरच्या लेकरांसाठीच आहेत. ज्यांच्या घरी ते सर्वांत जास्त लागतात, त्यांचंच हॉलतिकीट मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहतं.

शाळेतली चमक पुढे टिकते का, असं पालक मला नेहमी विचारतात. १९२१ साली अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घेऊन दीड हजारांवर बुद्धिमान मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्यातली बरीच चांगल्या हुद्द्यांवर गेली, पण नोबेल कुणालाच मिळालं नाही. चाचणीत मागे पडलेल्या दोघांना मात्र पुढे ते मिळालं: विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. एवढं लांब कशाला, आपल्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला आणि स्पर्धेत धावू लागला तो तिथेच. २०१८ मध्ये त्याने स्टीपलचेसमधला ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्याची गुणवत्ता उशिरा का होईना ओळखली गेली, आणि त्यानंतर त्याला रोजचा सराव, पोटभर अन्न आणि प्रशिक्षक मिळाले, म्हणून तो इथवर पोचला.

माझा तो वर्गमित्र आज टोळीचा हिशेब बघतो. ट्रॉली भरली की भोवती एक चक्कर मारतो आणि किती टन भरेल ते सांगतो. काट्यावरचा आकडा फारसा वेगळा निघत नाही. कोणत्या कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, उचल किती, खाडे किती, फिटली किती, सगळं तोंडपाठ. ‘वही कशाला लागती मास्तर,’ असं तो म्हणतो. त्याची हुशारी टिकली आहे, तसूभरही कमी झालेली नाही. टिकली नाही ती त्याची शाळा. फलकावरच्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्याचं डोकं सरस होतं, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

म्हणून परीक्षा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: या परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या, गाड्या निघायच्या आधी. ते जमेपर्यंत मागे राहणाऱ्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहांच्या याद्या दसऱ्यापूर्वी पक्क्या करा आणि जेवण पहिल्या दिवसापासून सुरू करा. शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात असं लेकरू असेल तर उचल घरात यायच्या आत त्याच्या घरी जाऊन या.