दुःखाचा दाखला

ब्लूज शिकून येत नाही, तो भोगावा लागतो, असं मी वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ब्लूज गायक मडी वॉटर्सची कॅसेट पहिल्यांदा हाती लागली तेव्हापासूनचं हे माझं मत. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत राबलेली माणसं, त्यांनी गिळलेले अपमान आणि त्यातून फुटलेला तो आवाज. 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवात बडी गाय यांना प्रत्यक्ष ऐकलं. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. शेजारच्या अनोळखी माणसाला मी म्हणालो होतो, "नीट ऐकून घ्या. ही माणसं गेली की संपलं."

पुढे काही वर्षांनी भाचीने मला क्रिस्टोन इंग्रॅम या ब्लूज गिटारवादकाचा, म्हणजे ज्याला सगळे 'किंगफिश' म्हणतात त्याचा, एक व्हिडिओ पाठवला. विशीतला धिप्पाड मुलगा, चेहरा शांत, डोळे मिटलेले. मी दोन मिनिटं ऐकलं आणि तिला कळवून टाकलं : बोटं तयार आहेत, पण याने अजून पाहिलंय काय?

मग त्याच्याबद्दल वाचलं आणि माझं मत आणखीच घट्ट झालं. जन्म 1999 चा, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावचा. गाव ब्लूजच्या पंढरीतलं खरं, पण हा शिकला कुठे, तर तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियमच्या वर्गात. मडी वॉटर्सचं स्टोव्हॉल मळ्यावरचं लाकडी खोपट ज्या संग्रहालयात आणून ठेवलंय, तिथेच मुलं जमतात आणि मास्तर त्यांना ब्लूज शिकवतात. मला ते पेंढा भरलेल्या वाघासारखं वाटलं. तसं मी भाचीला बोलूनही दाखवलं.

ती ख्याल गाते. माझं बोलणं तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, मी सहा वर्षांची असताना बाईंकडे गाणं शिकायला लागले, तेव्हा तू अख्ख्या इमारतीत पेढे वाटलेस. तेव्हा मी काय भोगलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री नाही आणि नंतरही नाही.

कुमार गंधर्वांच्या बालपणाची गोष्ट मी किती कौतुकाने सांगत आलो आहे. नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसं गाणारं पोर. मग मुंबईत देवधर मास्तरांकडची तालीम. त्या पोराने काय सोसलं होतं, हे विचारणं माझ्या मनातही आलं नाही. आपल्या गवयाबद्दल बोलताना माझ्या तोंडी तालीम, रियाज, गुरू हे शब्द येतात. मिसिसिपीच्या काळ्या वादकाबद्दल बोलताना मात्र जखम, वेदना, भोग. म्हणजे आपला कलावंत मेहनतीने घडतो आणि त्यांच्या अंगातून संगीत आपसूक पाझरतं, असं मी धरून चाललो होतो. याला मी प्रेम समजत होतो. हे कबूल करताना आजही जड जातं, पण त्या प्रेमात त्यांच्या कसबाचा अपमान होता.

ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची दंतकथाही मी अशीच रंगवून सांगायचो. क्लार्क्सडेलजवळच्या चौरस्त्यावर त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारची कला मिळवली, ही ती कथा. खरं पाहिलं तर त्याला गुरू होता. आइक झिमरमन त्याचं नाव. दोघं रात्री स्मशानात बसून वाजवत, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नसे, असं झिमरमनच्या मुलीने सांगितलं आहे. थडग्यावर बसून चाललेल्या त्या रियाजापेक्षा मला सैतान जास्त आवडला होता.

मग मी किंगफिशकडे पुन्हा गेलो, यावेळी त्याची तालीम समजून घ्यायला. घरचं वातावरण चर्चच्या गाण्याचं. आधी ड्रम, मग बास, मग गिटार. संग्रहालयाच्या वर्गात बिल पेरी आणि रिचर्ड क्रिसमन हे दोन मास्तर. 'किंगफिश' हे नाव पेरींनीच दिलेलं. शाळकरी वयातच तो गावातल्या ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे दारू, नाच आणि गाणं एकत्र चालणाऱ्या छोट्या अड्ड्यांवर, जाणत्या लोकांसमोर वाजवायला लागला. 2014 मध्ये वर्गातल्या मुलांबरोबर व्हाईट हाऊसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला. पुढे त्याच्या पहिल्या अल्बमच्या पाठीशी उभे राहिले ते बडी गाय. ज्यांच्यानंतर सगळं संपणार असं मी मेहबूब स्टुडिओत सांगत होतो, तेच.

तो अल्बम मे 2019 चा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याची आई, प्रिन्सेस प्राइड इंग्रॅम, गेली. मुलाच्या गिटारसाठी आयुष्य वेचलेली बाई. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगतो : आता याच्या वाजवण्याला अर्थ येईल. स्वतःच्याच या विचाराने मी हादरलो. आईच्या मृत्यूची नोंद मी दुःखाचा दाखला म्हणून फाईलला लावत होतो. तो पहिला अल्बम तर आई असतानाचाच होता. तो पुन्हा लावला. 'बीन हिअर बिफोर' नावाचं एक गाणं आहे, साध्या अकूस्टिक गिटारवरचं. त्यातली प्रत्येक जागा भरलेली आहे, कुठेही घाई नाही. हे सगळं तेव्हाही होतंच, मला ऐकायचं नव्हतं. 2021 चा त्याचा दुसरा अल्बम '662', म्हणजे उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड. त्याला ग्रॅमी मिळालं. पण ते मिळालं म्हणून माझं मत बदललं, असं नाही. ते त्या अकूस्टिक गाण्यापाशीच बदलून गेलं होतं.

परवा भाची घरी आली तेव्हा आम्ही त्याच्या एका सोलोतली तीन सेकंदांची जागा पकडून बसलो. तो तार ताणत गंधारावर येतो. तिने पेटीवर गाण्याचा षड्ज धरून कोमल गंधार दाबला. किंगफिशचा सूर त्याच्या किंचित वर होता. शुद्ध गंधार दाबला, तर तो खाली. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी तो सूर उभा होता आणि दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी येत होता. तिने पेटी बंद केली आणि गळ्याने धरायचा प्रयत्न केला. सात-आठ वेळा हुकला. मी माझी जुनी गिटार काढली, तिसऱ्या बोटाने तार ढकलली, मागून दुसऱ्या बोटाचा आधार दिला. एकदा चढा लागला, एकदा उतरा. बोटाच्या टोकाला तारेची खोल रेघ उमटली.

"मामा, पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा तार ताणली.