पेट्रोलची वही

आमच्या घरात एक शंभर पानी वही आहे. गाडीत पेट्रोल भरलं की घरी आल्या आल्या हे त्या वहीत तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवतात. २०११ साली गाडी घेतली तेव्हापासून एकही नोंद चुकलेली नाही. मी त्यावरून त्यांची खूप चेष्टा केली आहे, पण यंदा त्याच वहीने आमचा एक मोठा तंटा सोडवला.

तर झालं असं की गाडीला १५ वर्षं पूर्ण झाली. पुढे चालवायची तर आरटीओत तपासणी करून पुन्हा नोंदणी करायला हवी. गाडी तशी ठणठणीत आहे, पण ह्यांचा डावा गुडघा आता क्लच दाबायला तयार नाही. म्हणून बिनक्लचची नवी गाडी घ्यायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले.

मुलगा न्यू जर्सीत. त्याच्याकडे प्लग-इन हायब्रिड आहे. रात्री घरी चार्ज करायची, रोजचं जाणं-येणं विजेवर, बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन हजर. "आई, दोन्हीचे फायदे आहेत बघ," तो फोनवर म्हणाला. बाणेरची लेक लगेच म्हणाली, "आणि दोन्हीचे खर्चही! बॅटरी सांभाळा, शिवाय इंजिनाचं ऑइल बदला."

खरं तर ही कल्पना पुण्याला नवी नाही. २०१० साली आपल्या इथल्याच केपीआयटी कमिन्सने 'रेव्होलो' नावाची यंत्रणा दाखवली होती, भारत फोर्जच्या साथीने. जुन्याच पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरी जोडायची आणि तिला प्लग-इन हायब्रिड करायचं. ह्यांनी तेव्हा कात्रण कापून ठेवलं होतं. पुढे शेजारीपाजारी कुणाच्या गाडीला ती काही बसलेली दिसली नाही. कात्रण मात्र अजून आहे!

आज आपल्याकडे प्लग-इन गाड्या मोजक्या, आणि त्याही उंची. आमच्या आवाक्यातल्या ज्या गाड्यांवर हायब्रिड लिहिलेलं असतं त्यांना प्लगच नसतो. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती त्या छोट्या बॅटरीत साठवतात आणि गर्दीत वापरतात. पेट्रोल कमी लागतं, पण सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. करही पाहा. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के, आणि सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिडला ४० टक्के. तरी मुलाचं म्हणणं, "मग तीच घे. निदान वाटेत अडकणार नाहीस."

शेवटी मी वही उघडली. गेल्या वर्षी आम्ही ४,२०० किलोमीटर फिरलो. लिटरला १४ धरले तर ३०० लिटर, म्हणजे ३० हजारांच्या वर. विजेवर युनिटला ७ किलोमीटर धरले तर ६०० युनिटं, १० रुपये दराने ६ हजार. बचत आहे, पण गाडीची किंमत बघता ती वसूल व्हायला आम्हा दोघांना नव्वदी गाठावी लागेल! तेव्हा पैशाचा मुद्दा मी बाजूला ठेवला.

मग लांबचे प्रवास मोजले. वर्षात फक्त तीन, तिन्ही साताऱ्याला आक्काकडे. जाऊन-येऊन सुमारे २२० किलोमीटर. बाकी सगळं मंडई, बँक, दवाखाना आणि नातवंडं. जाहिरातीतला रेंजचा आकडा मी तसाच धरला नाही. आम्ही सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिथेच एआरएआय आहे, १९६६ पासूनची संस्था. तिथल्या चाचणीतला आकडा आणि खंबाटकीचा चढ यांत फरक पडणारच हे आम्हा कोथरूडकरांना वेगळं सांगायला नको. पण तिसरा हिस्सा कापूनही ३०० उरतील अशी गाडी मिळते. आक्काकडे १५ अँपियरचा प्लगही आहे.

तेव्हा हे हळूच म्हणाले, "आणि श्रावणातल्यासारखा फोन आला तर?"

त्यासाठी थोडं मागचं सांगते. गेल्या श्रावणात रात्री दीड वाजता फोन आला, आक्का पडली म्हणून. आम्ही दहा मिनिटांत निघालो. टाकी भरलेली होती. शिरवळच्या पुढे ह्यांचा डोळा लागला. क्षणभरच. मी ओरडले, गाडी रस्त्यावरच राहिली. नंतर साताऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही. मुलांना आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आता इथे वाचतील.

म्हणजे त्या रात्री कमी पडलं ते पेट्रोल नव्हतं. आमचं वय कमी पडलं, किंवा जास्त झालं म्हणा. वर्षातून तीन दिवसांसाठी एक आख्खं इंजिन सोबत वागवायचं, तेही अशा प्रवासासाठी, जो आम्ही आता करायलाच नको. हे मी बोलून दाखवलं तेव्हा हे बराच वेळ वही चाळत बसले. मग म्हणाले, "रात्रीचा फोन आला तर ड्रायव्हर बोलवायचा. मी मागे बसेन."

विजेची गाडी बुक केली आहे. सोसायटीने आमच्या पार्किंगमध्ये प्लगची परवानगी दिली, दोन मीटिंगा आणि भरपूर चहा झाल्यावर. बॅटरीची हमी ८ वर्षांची आहे. ह्यांचं लायसन्स मात्र आता पाच-पाच वर्षांनीच नवं होतं. हा हिशेब आम्ही दोघांनीही मनात केला, पण मोठ्याने कुणी बोललं नाही.

आक्काला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चार्जिंगला वेळ लागतो ना? बरं झालं, जेवल्याशिवाय तरी जाणार नाही."

असो. ह्यांनी कालच नवी वही आणली. पहिल्या पानावर रकाने आखून झाले आहेत: तारीख, युनिट, किलोमीटर.