परक्या चुलीवरचं जेवण

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला निघायचं तर पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हवीच, असा आमच्या घरचा शिरस्ता. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, काम उरकायचं आणि जेवायला दादाकडे परळला जायचं. हॉटेलात जेवणं म्हणजे पैशाची उधळपट्टी आणि पोटाची आबाळ, असं माझं ठाम मत होतं आणि मी ते चारचौघांत ऐकवतही असे. आज ते माझं मत नाही.

एकदा वहिनी माहेरी गेली होती, म्हणून दादा मला माटुंग्याला घेऊन गेला. स्टेशनाला लागूनच रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. केळीच्या पानावर वाढपी भराभर वाढत होते. पुरी, भाज्या, पापड, मग भात. त्यावर मधोमध खळगा करून रसम घातलं, ते पानाच्या कडेकडे धावायला लागलं आणि मी हातानं बांध घालत बसले. समोरचे वयस्कर गृहस्थ मात्र सहज, मान खाली घालून जेवत होते. लग्नाआधी इथंच एका खोलीत चौघं मिळून राहायचो आणि दोन्ही वेळा इथं जेवायचो, असं त्यांनी ताक पिताना सांगितलं. मी ज्याला चैन म्हणत होते, ते त्यांचं घरचं जेवण होतं.

मग मला सगळी मुंबईच वेगळी दिसायला लागली. घर मागं ठेवून आलेल्या माणसांना इथं कुणी ना कुणी जेवू घातलंय. दादाच्या परळमध्येच खाणावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशोबानं जेवण देत. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. वर्षानुवर्षं त्या गल्ल्यांतून गेले, पण त्या चुलींचा विचार कधी मनात आला नव्हता.

धोबीतलावच्या कयानीत, १९०४ सालच्या त्या इराण्याकडे, ब्रून मस्का खाल्ला. ब्रून कडक असतो, चहात बुडवला की कवच तसंच राहतं आणि आतला मऊ भाग चहा पिऊन फुगतो. लोणी वितळून चहावर पिवळे ठिपके तरंगतात. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव महाग वाटला, पण पैसे वसूल झाले. भातावर आंबट, लाल झरेश्क असतात, मनुकेपेक्षाही बारीक. गोडसर परतलेल्या कांद्याबरोबर ते दाताखाली आले की तोंडाला पाणी सुटतं. ही फळं इराणची. तिथल्या यझ्द, केरमानकडून आलेल्या माणसांनी जिभेची आठवण कशी जपली असेल, ते त्या एका घासात कळतं.

सगळीच हॉटेलं मला आवडायला लागली असं मात्र नाही. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन एकाच जाडजूड मेनूकार्डात कोंबणाऱ्या हॉटेलांत मी अजूनही जात नाही. सोलापुरात मिळणारं पनीर बटर मसाला मुंबईत जाऊन कशाला मागवायचं? जिथं एखाद्या मुलखाचे लोक स्वतः जेवायला येतात, तिथंच बसावं, आणि ते काय मागवतात ते बघून मागवावं.

माझं हे बाहेर जेवणं वहिनीला सुरुवातीला लागलं. "माझ्या हातचं आवडेनासं झालं का हो वन्सं?" असं तिनं विचारलं तेव्हा मला उत्तर सुचेना. तिला सोबत नेणं हाच उपाय होता. शेंगाची चटणी अजूनही येते पिशवीतून, पण ती वहिनीसाठी; रात्रीचं जेवण तिच्याकडेच असतं. दुपारी दोघी बाहेर पडतो. जन्म परळमध्ये गेला तरी तिनं भेंडीबाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या खेपेला आम्ही नूर मोहम्मदीत नल्ली निहारी मागवली. शेजारच्या टेबलावरच्या एका आजींनी नळी ताटलीवर आपटून मगज कसा काढायचा ते दाखवलं, वर आलं-लिंबू घ्यायला लावलं. वहिनीनं खमिरी रोटीनं वाटी पुसून घेतली. आता सायनला दाल-पकवान खायचं तिनंच ठरवलंय, आणि मी कधी येतेय म्हणून परवा तिचाच फोन आला होता.