नळदुर्गच्या वाटेवर

सोलापूर हें पर्जन्यछायेंतील शहर. मृगाचा पाऊस येथें पुष्कळदां हुलकावणी देतो. खरा भर सप्टेंबरांत. वर्षाचा बहुतेक काळ ऊन आणि धूळ सोसलेल्या वाहनांचें रबर तोंवर ताठरतें, त्यास भेगा पडतात, आणि पाण्यास नेमकी तीच वाट सांपडते.

अशाच एका सप्टेंबरांत आम्ही फटफटीवरून नळदुर्ग पाहावयास निघालों. हैदराबादच्या हमरस्त्यावर बोरामणी मागें पडली आणि मोठ्या सरीनें गांठलें. थोड्याच वेळांत इंजिन ठसकूं लागलें व बंद पडलें. भरधाव मालमोटारींच्या रस्त्यावर पावसांत असें अडकणें धोक्याचें. म्हणून गाडी प्रथम रस्त्याबाहेर घेतली.

अशा वेळीं बटण वारंवार दाबण्याचा मोह होतो. पण त्यानें बॅटरी मात्र रिती होते. आधीं दिवा व हॉर्न पाहावा. दोन्ही मृत असतील तर फ्यूज आणि बॅटरीचे जोड तपासावे. आमचे दोन्ही ठीक होते. तेव्हां संशय ठिणगीवर गेला. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. कॉइल तो हजारों व्होल्टांपर्यंत चढविते. ही वीज प्लगवरील रबरी टोपणांतून जाते. तेथें ओल शिरली कीं ठिणगी न पाडतां ती ओलाव्यावरूनच इंजिनाच्या धातूंत उतरते. आम्हीं चावी बंद केली, तार न ओढतां टोपण धरून काढलें, आंतबाहेर कोरड्या फडक्यानें पुसलें आणि घट्ट बसविलें. इंजिन चालूं झालें!

नळदुर्गास बोरी नदी भरून वाहत होती. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत (१५८०–१६२७) बांधलेल्या बांधावरून दोन धारा कोसळत होत्या. लोक त्यांस नर आणि मादी म्हणतात. बांधाच्या पोटांतच पाणीमहाल आहे. डोक्यावरून नदी जाते, आणि आंत माणूस कोरडा उभा राहतो! त्या कारागिरांनीं पाण्याशीं झुंज घेतली नाहीं. त्यास बाहेरची वाट नेमून दिली.

फटफटीचें रक्षणही याहून निराळें नाहीं. पावसाळ्यापूर्वीं भेगाळलेलें टोपण बदलावें, तारांच्या जोडांवरील हिरवट गंज खरवडून विजेच्या जोडांसाठीं मिळणारें ग्रीस लावावें, आणि धुतांना पाण्याचा जोरदार फवारा त्या जागीं मारूं नये. घरचीं मुलें रोज दुचाकीवरून कॉलेजांत किंवा कचेरींत जातात. सायंकाळच्या पावसांत त्यांची वाट पाहण्यापेक्षां ज्येष्ठांतील एक सकाळ या कामास देणें पुष्कळ बरें.