माळ्यावरचे घर

प्रत्येक घरात दोन घरे असतात, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. एक खालचे आणि दुसरे माळ्यावरचे. खालच्या घरात माणसे राहतात, वरच्या घरात वस्तू. खालची माणसे शिक्षणासाठी, नोकरीसाठी, लग्न होऊन दुसऱ्या गावी निघून जातात. वरच्या घरातले मात्र कोणी कुठे जात नाही. उलट दर दिवाळीला तेथे नवी भरती होते. दांडी तुटलेली छत्री, काच नसलेला कंदील, झाकण हरवलेला डबा आणि डबा हरवलेले झाकण. 'असू दे, लागेल कधीतरी' एवढ्या एका वाक्यावर ही सगळी मंडळी वर्षानुवर्षे तेथे फुकट राहतात.

शेगावचे आमचे घर असेच होते. आजोबा गेले आणि आजी एकटी उरली. तिने आमच्याकडे अकोल्याला यायचे आणि घर विकायचे, असे ठरले. अकोल्याचे आमचे बिऱ्हाड लहान. आजीचे सामान म्हणून फार तर एक ट्रंक आणि एक पिशवी तेथे मावणार. दिवाळीच्या सुटीत बाबा, काका, आत्या आणि आम्ही मुले जमलो. १९६३ साली आजी या घरात सून म्हणून आली, तेव्हापासूनचा आणि त्याही आधीचा संसार आम्हाला चार दिवसांत आवरायचा होता.

पहिल्या दिवशी खाली आल्या गाद्या. मोजल्या तर बावीस! बाबा थक्क झाले. मला मात्र गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले ते टाकून दिलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, असे येथे घरोघरी सांगतात. १९१० साली त्यांनी समाधी घेतली. अंगावर वस्त्र नाही आणि जवळ चिलमीवाचून सामान नाही, असा संत ज्या गावाला लाभला, त्या गावातल्या एका घरात बावीस गाद्या! पण त्या गाद्यांचे मूळही तेथेच होते. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमीची पुण्यतिथी. दर्शनाला येणारा नातलग उतरणार तो आमच्याकडे. शेगावात घर असणे म्हणजे साऱ्या गोताची धर्मशाळा चालवणे. पुढे संस्थानचे भक्तनिवास वाढले, पाहुणे परस्पर दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतू लागले. पाहुणे थांबले, गाद्या राहिल्या.

मग लक्षात येऊ लागले की, माळ्यावरची एकही वस्तू उगीच चढलेली नाही. पितळेचे गुंड, कोपर, पातेली वर गेली, कारण कल्हईवाला गल्लीत येईनासा झाला. कल्हई गेलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. तेवढ्यात स्टेनलेस स्टील आले आणि पितळेने निमूट शिडी चढली. चार शेरांची पायली वर गेली ती कायद्यामुळे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे आणली आणि शेर-पायली हळूहळू बाजारातून उठली. आजीच्या सासूने मात्र घरातली ज्वारी शेवटपर्यंत पायलीनेच मोजली. आणि चिंध्या, डबे, दोऱ्यांचे गुंडाळे? त्यांना १९७२ च्या दुष्काळाचा आधार होता. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी शिजवून जिने पोरे जगवली, तिच्या हातून सुतळीचा तुकडाही टाकवला जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून वादाला तोंड फुटले. मला वाटले होते, आजी काही सोडणार नाही. झाले उलटेच! काका एक भांडे बाजूला काढत आणि आत्या ते परत ओढून घेई. आत्याचा हात थांबला, की काकांना दुसरी एखादी आठवण येई. 'हे आईचं आहे', 'हे आबांचं आहे', 'हे कसं द्यायचं?' आजी ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. बराच वेळ ऐकून शेवटी म्हणाली, "तुमाले ठेवाचं असन त आपापल्या घरी न्या. माह्या नावावर काहून ठेवता?"

सगळे गप्प झाले. पुण्याच्या आणि अकोल्याच्या फ्लॅटमध्ये गुंड ठेवायला जागा कोणाकडे होती? वस्तू टाकवत नव्हती आणि नेववतही नव्हती. आम्हाला हवे होते ते एवढेच, की कोणीतरी ती दुसरीकडे सांभाळत राहावी.

तिसऱ्या दिवशी एक चमत्कारिक लाकडी वस्तू निघाली. एका चौकटीत एकमेकांना लागून बसवलेली दोन लाटणी आणि बाजूला एक मूठ. बाबांना ओळखता आली नाही, काकांनाही नाही. आजीने दुरूनच सांगितले, ही सरकी काढायची चरखी. गावात जिनिंग असले, तरी वातीपुरता आणि उशीपुरता कापूस तिची सासू घरीच या चरखीवर काढी. आजीने ते सांगितले नसते, तर ती चरखी सरपणात गेली असती.

त्या वेळी मला पुण्याचे केळकर संग्रहालय आठवले. दिनकर केळकरांनी आयुष्यभर लोकांच्या घरांतून दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये गोळा केली. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि सुमारे वीस हजार वस्तू १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केल्या. तेथे जो अडकित्ता पाहायला लोक तिकीट काढतात, तसाच आमच्याकडे जुन्या खिळ्यांच्या डब्यात पडला होता. फरक काचेच्या कपाटाचा नाही. तेथे वस्तूशेजारी चार शब्द लिहिलेले असतात. वस्तूबद्दल सांगणारे माणूस आहे तोवर तो ठेवा; ते माणूस गेले, की तीच वस्तू अडगळ होते.

मी एक कोरी वही घेतली आणि आजीजवळ जाऊन बसले. वस्तू समोर यायची, आजी बोलायची, मी लिहायची. कोणाच्या लग्नात आली, कोणत्या गावच्या बाजारातून घेतली, कशासाठी वापरली. लिहून झाले, की त्या वस्तूवरचा सगळ्यांचा हात आपोआप सैल होई. पितळ मोडीत गेले. गाद्यांतला कापूस पिंजून घेतला. त्याच्या नव्या गाद्या ज्यांना हव्या होत्या त्यांना दिल्या. पायली शेजारच्या काकूंनी मागून नेली. त्या अजून पायलीनेच धान्य मोजतात. चरखी एका शाळेत गेली, चिठ्ठीसह. आजीने आपल्या ट्रंकेत तीनच वस्तू घेतल्या: पाणी प्यायचा गडवा, अडकित्ता आणि आजोबांच्या धोतराची वाकळ.

आता आजी अकोल्याला आहे. संक्रांतीनंतर तिला नावे नीट आठवेनाशी झाली. कधी ती मला आत्याच्या नावाने हाक मारते. संध्याकाळी मी ती वही काढून वाचते. कोपर, गुंड, पायली. पुष्कळदा ती नुसती ऐकते. एखाद्या दिवशी मात्र मध्येच थांबवते, "खामगावचा नाई वं, तो गुंड माह्या माहेरचा हाये." मी खोडून दुरुस्त करते.

घरे आवरावीच लागतात. सगळे सांभाळून ठेवण्याइतकी जागा कोणाच्याच नशिबी नसते आणि तसे सांभाळण्यात फारसा अर्थही नसतो. पण माझ्या मित्रमैत्रिणींनो, येत्या सुटीत माळ्यावर चढाल, तेव्हा केरसुणीबरोबर एक वही आणि पेन्सिलही घेऊन चढा. आणि खाली ओट्यावर कोणी सुपारी कातरत बसले असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसा. माळा काय, पुढच्या दिवाळीतही आवरता येईल.