नऊ खलाशी, बारा बायका

फ्लेचर ख्रिश्चनच्या तळहातांना इतका घाम यायचा, की तो हात लावेल ती वस्तू डागाळायची. वय चोवीस, उंची पाच फूट नऊ इंच, वर्ण सावळा, पाय किंचित फेंगडे, छातीवर डाव्या बाजूला चांदणी गोंदलेली. हा तपशील त्याच्यावर जळफळणाऱ्या कॅप्टन विल्यम ब्लायनं टिपून ठेवलेला आहे. २८ एप्रिल १७८९च्या पहाटे टोंगा बेटांजवळ ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं, ब्लायला अठरा जणांसह उघड्या होडीत सोडून देण्यात आलं, आणि त्यानं बंडखोर पकडले जावेत म्हणून एकेकाचं वर्णन लिहून काढलं.

आता याच ख्रिश्चनची बायको. तिचं नाव मौआतुआ. काही कागदांत ती माइमिती आहे, काहींत इझाबेला, आणि खलाशी तिला मेनमास्ट म्हणत, म्हणजे जहाजाची मोठी डोलकाठी. जन्माचं साल नाही, आईबापाचं नाव नाही. एका जोडप्यातल्या नवऱ्याचा घाम आपल्याला ठाऊक आहे आणि बायकोचं वयसुद्धा नाही.

ऑकलंडमध्ये मी वंशावळी शोधून देण्याचा व्यवसाय करते. पुण्यात कुळवृत्तांतांच्या कामातून या वाटेला लागले, आणि इथे गिऱ्हाइकं मिळाली ती बहुतेक मिश्र घरांतली: पणजोबा कॉर्नवॉलचे, पणजी रारोटोंगाची, अशी. त्यातली काही घरं मूळ नॉरफोक बेटावरची, जिथे ‘बाउंटी’च्या बंडखोरांचे वंशज पुढे वसले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आम्ही ख्रिश्चनचे वंशज आहोत का? माझं उत्तरही ठरलेलं. आहात, आणि बहुधा एकाहून जास्त वाटांनी. पण त्यात शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही. ख्रिश्चन घराणं कंबरलंडमधलं, मूळचं आयल ऑफ मॅनचं. तिथल्या एका विल्यम ख्रिश्चनला १६६३मध्ये गोळ्या घालून मारलं होतं, त्याची कुळकथा छापील आहे. गोऱ्या बाजूची ही वंशावळ म्हणजे बव्हंशी नकलून घेण्याचं काम. खरी मेहनत दुसऱ्या बाजूला.

हकीकत थोडक्यात अशी. बंडानंतर जहाज ताहितीला परतलं आणि काही जण तिथेच राहिले. ख्रिश्चनसह नऊ जण सप्टेंबर १७८९मध्ये रात्री मातावाईच्या उपसागरातून जहाज घेऊन निघाले. सोबत सहा पॉलिनेशियन पुरुष, बारा बायका आणि एक तान्ही मुलगी. बायकांपैकी काही आपखुशीनं आल्या, पण जहाजावर भेटीला म्हणून आलेल्या काहींना तशाच पळवून नेलं. वयस्क बायकांना वाटेत मोओरेआजवळ उतरवून दिलं. जानेवारी १७९०मध्ये ही मंडळी पिटकेर्न बेटावर पोचली आणि जहाज जाळून टाकलं. मग बायका आणि जमिनीवरून रक्तपात झाला. १८०८मध्ये फोल्जर नावाचा अमेरिकन कप्तान ‘टोपाझ’ जहाज घेऊन तिथे पोचला, तेव्हा पुरुषांतला एकच जिवंत होता, जॉन अ‍ॅडम्स. बाकी बायका आणि मुलं.

सहा पॉलिनेशियन पुरुषांपैकी एकाचाही वंश राहिला नाही. नऊ खलाशांपैकी ब्राउन, मार्टिन आणि विल्यम्स निपुत्रिक गेले. मिल्सची मुलगी टिकली, आडनाव टिकलं नाही. उरली पाच आडनावं: ख्रिश्चन, यंग, अ‍ॅडम्स, मॅकॉय आणि क्विंटल. पुढे १८२३मध्ये बफेट आणि एव्हान्स, १८२८मध्ये नॉब्स अशी बाहेरची तीन माणसं येऊन मिसळली. १८५६मध्ये सगळीच्या सगळी १९४ माणसं सहा हजार किलोमीटरवरच्या नॉरफोक बेटावर नेऊन वसवली. काही कुटुंबं नंतर पिटकेर्नला परतली. आडनावं इतकी कमी, की नॉरफोकच्या टेलिफोन डिरेक्टरीत लोकांची टोपणनावं छापावी लागतात.

या आडनावांवर विसंबून झाड काढायला बसलं, की ते पाच वेगळ्या घराण्यांचं दिसतं. ते तसं नाही.

एकटी तेइओ घ्या. ताहितीहून निघाली तेव्हा तिच्या कडेवर जी तान्ही मुलगी होती, ती सली. पिटकेर्नवर तेइओ मॅकॉयची बायको झाली. त्याच्यापासून डॅनिएल नावाचा मुलगा, पुढचे सगळे मॅकॉय या डॅनिएलचे. मॅकॉय गेल्यावर ती अ‍ॅडम्सकडे राहिली आणि १८०४मध्ये जॉर्ज झाला. अ‍ॅडम्सचा हा एकुलता एक मुलगा, म्हणून पुढचे सगळे अ‍ॅडम्स जॉर्जचे. आणि सली मोठी होऊन फ्लेचर ख्रिश्चनच्या धाकट्या मुलाला, चार्ल्सला, दिली. म्हणजे मॅकॉय, अ‍ॅडम्स आणि ख्रिश्चनांची एक अख्खी शाखा, तिघांची आजी एकच. तेइओ आणि अ‍ॅडम्सचं रीतसर लग्न लावलं ते १८२५मध्ये बेटावर आलेल्या कॅप्टन बीचीनं. अ‍ॅडम्स मार्च १८२९मध्ये वारला, आणि त्याच महिन्यात तीही गेली.

तीच गत मौआतुआची. ख्रिश्चनपासून तिला तीन मुलं, त्याचा खून झाल्यावर नेड यंगपासून तीन. ख्रिश्चन आणि यंग ही आडनावं लावणारी ही सहा भावंडं एका आईची, पण बापाच्या नावानं काढलेल्या तक्त्यात ती दोन वेगवेगळ्या पानांवर जाऊन बसतात. तेराउरा तर संगणकाच्या प्रोग्रामला पुरतं वेडं करते. ती आली यंगची बायको म्हणून. १७९३च्या कत्तलीत तिनं सहा पॉलिनेशियन पुरुषांपैकी तेताहितीला झोपेत कुऱ्हाडीनं मारलं. मग तिला मॅथ्यू क्विंटलपासून एडवर्ड झाला. त्यानंतर तिनं लग्न केलं ते फ्लेचरच्या थोरल्या मुलाशी, जो तिच्या डोळ्यांदेखत जन्मला होता. १८५०मध्ये ती वारली, मूळच्या मंडळींतली शेवटची.

आपल्याकडच्या जुन्या कुळवृत्तांतांत लेक लग्न होऊन गेली की तिच्यापुढे सासरचं गाव आणि आडनाव येतं, सून येते ती अमक्याची कन्या म्हणून. निदान माहेरचा एक धागा हाती राहतो. या बायकांना तेही नाही. त्या न्यूझीलंडच्या माओरी असत्या, तर १८६५पासून चाललेल्या नेटिव्ह लँड कोर्टाच्या वह्यांत त्यांच्या घराण्याच्या कैक पिढ्या सापडल्या असत्या, कारण जमिनीवर हक्क सांगायचा तर पूर्वज म्हणून दाखवावे लागत. ताहितीतही १८५२च्या कायद्यानं जमिनींची नोंदणी सुरू झाली, आणि लोक लिहायला शिकल्यावर घराघरांत पूर्वजांच्या वह्या भरू लागल्या. पण या बायका त्याच्या साठ वर्षं आधीच निघून गेल्या होत्या. माहेरच्यांच्या लेखी त्या समुद्रात बुडाल्यासारख्याच. जमिनीत त्यांचा वाटा मागायला कुणी आलं नाही, त्यामुळे कागदही झाला नाही.

कागद झालेल्या पुरुषांचं तरी सगळं सरळ आहे का? जहाजाच्या हजेरीपटावर जॉन अ‍ॅडम्स नावाचा माणूसच नाही. तिथे आहे अलेक्झांडर स्मिथ. नौदलात भरती होताना त्यानं खोटं नाव सांगितलं होतं. लंडनजवळ हॅकनीच्या अनाथाश्रमात वाढलेला हा पोरगा. या दोन नावांचा माणूस एकच, याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा एका बाईच्या दंडावर आहे. जेनी म्हणून ओळखली जाणारी तेएहुतेआतुआओनोआ ताहितीत आधी त्याच्यासोबत राहत होती, पुढे पिटकेर्नवर मार्टिनची झाली. तिच्या डाव्या हातावर ‘ए. एस. १७८९’ असं गोंदलेलं होतं. हजेरीपटावरच्या नावाची आद्याक्षरं आणि साल, कातडीवर.

जेनीला मूल झालं नाही. १८१७मध्ये एका अमेरिकन जहाजातून ती पिटकेर्न सोडून गेली, आणि तिनं सांगितलेली हकीकत १८१९मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात आली. दुसरी, अधिक सविस्तर जबानी कॅप्टन पीटर डिलननं लिहून घेतली. ती १८२६मध्ये छापली गेली ती आपल्याकडे, कलकत्त्याच्या ‘बेंगॉल हरकारू’मध्ये. डिलनचा व्यापार कलकत्त्याहून चाले म्हणून. कोण आपखुशीनं आली, कुणाला पळवलं, कोण कुणासोबत राहिली, हे एका बाईच्या तोंडून कळतं ते इथेच. अ‍ॅडम्स येणाऱ्या प्रत्येक कप्तानाला वेगळी कहाणी सांगत असे, आणि फासाची भीती असलेल्या माणसानं तसं करणं स्वाभाविकही होतं. जेनीला लपवण्यासारखं काही नव्हतं. पिटकेर्नवर तिचा वंश नाही, पण इतरांची वंशावळ लावताना मी आधी तिची जबानी काढते.

तारखांची वेगळीच भानगड. ‘बाउंटी’ आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे येत राहिलं, त्यामुळे बेटाचं कॅलेंडर एक दिवस पुढे धावत होतं. ख्रिश्चनचा थोरला ऑक्टोबर १७९०मध्ये गुरुवारी जन्मला म्हणून त्याचं नाव थर्सडे ऑक्टोबर. १८१४मध्ये दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी त्याचं नाव फ्रायडे ऑक्टोबर झालं, आणि तसंच ते छापूनही आलं. त्यामुळे थर्सडे आणि फ्रायडे असे दोन भाऊ धरणारं गिऱ्हाईक अधूनमधून भेटतंच.

हल्ली प्रत्येकाला वाटतं, नळीत थुंकी पाठवली की सुटलं कोडं. डीएनए चाचणीचा उपयोग आहे, पण इथे ती फसवतेही. नातं मोजायचं ते दोघांत सारखा असलेला डीएनए सेंटीमॉर्गन या एककात मोजून. मूठभर पूर्वजांचे वंशज पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं करत आले, की सहा-सात बाजूंनी लांबचं असलेलं नातं बेरजेत सख्ख्या चुलतभावासारखं दिसू लागतं. म्हणून मी बेरीज बाजूला ठेवते आणि तुकड्यांची लांबी बघते. एक-दोन लांब तुकडे असतील तर नातं खरोखर जवळचं, बारीक बारीक पुष्कळ असतील तर ती जुन्या सरमिसळीची खूण.

आईकडून मुलांना जाणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए या शोधाला फारच सोयीचा वाटतो. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉरफोकच्या जनुकीय अभ्यासानं ठसठशीतपणे दाखवलं, की बापाकडच्या ओळी युरोपच्या आणि आईकडच्या पॉलिनेशियाच्या. पण पॉलिनेशियातल्या बहुतेक बायकांत हा डीएनए एकाच कुळीचा. आग्नेय आशियाच्या बाजूनं निघून महासागरभर पसरलेले लोक लहान लहान टोळ्यांनी बेटांवर उतरत गेले, आणि दर टप्प्याला वैविध्य घटत गेलं. त्यामुळे चाचणी सांगते की तुमच्या आईकडच्या ओळीतली मूळ बाई पॉलिनेशियन होती. ती तेइओ की तेराउरा, हे बहुधा सांगत नाही. त्यासाठी पुन्हा बेटाच्या नोंदवहीकडे आणि घरच्या म्हाताऱ्यांकडे वळावं लागतं.

आणि ‘युरोपियन’ बाजू तरी निखळ कुठे आहे? नेड यंग वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्सचा. ब्लायनं त्याचा वर्ण काळसर आणि दात किडलेले लिहिलेत, आणि त्याच्यात आफ्रिकन रक्त असावं असा तर्क बरेच जण करतात. एखाद्या यंगच्या अहवालात आफ्रिकेची बारीकशी टक्केवारी आली की घरात खळबळ उडते. ती सेंट किट्सची असू शकते, तशीच कुणा व्हेलशिकारी खलाशाचीही. मी दोन्ही शक्यता लिहून देते.

सलीचाही असाच पेच आहे. तिचा बाप ताहितीचा. त्याचं नाव तक्त्यात नाही, मुलगी असल्यानं त्याचा वाय गुणसूत्राचा धागाही नाही, पण चार्ल्स ख्रिश्चनच्या प्रत्येक वंशजात तो थोडा थोडा आहे. पॉलिनेशियन पुरुषांचा वंश नाही असं वर लिहिलं, ते बेटावर आलेल्या सहांपुरतं. सलीच्या बापासाठी मी तक्त्यात एक रिकामा चौकोन आखते आणि तो खोडू देत नाही.

आता नॉब्स. जॉर्ज हन नॉब्स पिटकेर्नचा शिक्षक आणि धर्मोपदेशक झाला, नॉरफोकवर वारला. तो स्वतःला मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जचा अनौरस मुलगा म्हणवत असे. हा तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या गव्हर्नर-जनरलकीत १८१७-१८मध्ये पेशवाई बुडाली. शनिवारवाड्याच्या शहरातून आलेल्या बाईच्या टेबलावर हा दावा यावा, याची मला गंमत वाटते. दावा सिद्ध करणारा कागद मात्र मी पाहिलेला नाही.

मौआतुआ १८४१मध्ये वारली, तेव्हा बेटाच्या नोंदवहीत लिहिलं गेलं की तिचं वय ठाऊक नाही, पण कॅप्टन कुक ताहितीला आलेला आपल्याला आठवतो असं ती नेहमी सांगे. कुक पहिल्यांदा आला १७६९मध्ये. तो प्रसंग आठवत असेल तर ती तेव्हा निदान पाच वर्षांची, म्हणजे जन्म १७६४चा किंवा त्याआधीचा. नंतरच्या १७७३ किंवा १७७७च्या भेटींची आठवण असेल तर थोडा अलीकडचा. नॉब्सचं म्हणणं आणि मौआतुआचं म्हणणं, दोन्ही तोंडीच. पण मार्क्विस बाप असण्यात नॉब्सचा फायदा होता, कुक आठवण्यात मौआतुआचा काहीच नव्हता, म्हणून मी तिचं धरते. तक्त्यात तिच्या नावापुढे ‘१७६४च्या सुमारास’ लिहिते, नॉब्सच्या बापाच्या जागी ‘स्वतःच्या सांगण्याप्रमाणे’ असा शेरा मारते. गिऱ्हाइकं वाद घालतात ती या दुसऱ्या शेऱ्यावरून.