हिरवं राहिलेलं झाड

चंदीगडच्या परिसरात शिसूला टाहली म्हणतात. मार्चमध्ये त्याला पालवी फुटते आणि तिच्या मागोमाग प्लेकोप्टेरा रिफ्लेक्सा या पतंगाच्या अळ्या येतात. जोराचं वर्ष असलं तर ओळीच्या ओळी खराट्यासारख्या उभ्या दिसतात. त्यातच एखादं झाड मात्र भरगच्च हिरवं असतं. ते शोधणं हे माझं काम, आणि त्याच्यावर लगेच विश्वास न ठेवणं हे त्याहून मोठं काम.

कारण अळ्यांनी ओरबाडलेला शिसू पुन्हा पालवतो. आपण थोडे उशिरा पोचलो, तर सगळ्यांत आधी खाल्लेलं झाडच सगळ्यांत टवटवीत दिसतं! म्हणून हंगामात तीच ओळ पुन्हा पुन्हा बघावी लागते, पुढच्या वर्षीही. शिवाय शिसू मुळांतून फुटवे काढतो. शेजारची दोन हिरवी झाडं मुळात एकच असू शकतात. त्यांना मी एकच धरतो.

सागाचा धडा इथे आठवतो. उत्तर कन्नडकडचा 'तेली' साग लवकर पालवतो. हिब्लिया प्युएराच्या अळ्यांची लाट येईपर्यंत त्याची पानं जून झालेली असतात आणि या अळीला हवं असतं कोवळं पान. म्हणजे झाड बचावतं ते वेळ साधून; पानात काही विशेष असेलच असं नाही. तरीही हा गुण मी टाकाऊ मानत नाही. केरळच्या निलंबूरला झालेल्या अभ्यासात या अळीमुळे कोवळ्या सागाची लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं होतं, आणि उंच झाडांवर फवारणी करत बसणं कुणाला परवडणार?

पानातच काही आहे का, हे पिंजऱ्यात कळतं. अळ्यांना फक्त त्याच झाडाची कोवळी पानं द्यायची, दुसरं काही नाही. पर्याय नसतानाही त्या उपाशी राहिल्या, खुरटल्या किंवा कोष हलके झाले, तर ते झाड निवडयादीत जातं. मग त्याची कलमं करून, दुबळ्या झाडांच्या कलमांमध्ये मिसळून, वेगवेगळ्या जमिनींत लावायची. यात वर्षं जातात.

इतकं करून एकच उत्तम कलम निवडावं का? इथून जवळच, यमुनानगरकडच्या शेतांतल्या पॉपलरनं मला सावध केलंय. तिथे जी-४८ हे एकच कलम अफाट पसरलं. क्लॉस्टेराच्या अळीला एक झाड मानवलं की सगळं शेत मानवतं. पण शेतकरी म्हणतो, "एकच द्या, झाडं सारखी वाढतात, प्लायवूडवाल्याला सारखा घेर लागतो." त्याचंही बरोबर आहे. म्हणून मी कलमं ओळीत मिसळायला सांगत नाही. पट्टे पाडायला सांगतो, एका पट्ट्यात एकच कलम. पट्टा एकदम तोडता येतो, आणि पुढच्या पट्ट्यात अळीला वेगळं पान मिळतं.